शॉर्ट लाईनवर कारला बिलिंग कोड कसा लावायचा

तुझा प्रश्न असा की तू पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका शॉर्ट लाईनचं (म्हणजे छोट्या स्थानिक मालवाहू रेल्वेचं) बिलिंग सॉफ्टवेअर सेट करतोयस, आणि कार, म्हणजे मालाचा डबा, यार्डात आली की भरलेली असेल तर रेव्हेन्यू (पैसे लावायची), रिकामी असेल तर नॉन-रेव्हेन्यू (बिनपैशाची) असा डिफॉल्ट कोड टाकला तर चालेल का. नाही रे चालणार. मी ओहायोत अशाच एका छोट्या लाईनच्या ऑफिसात नऊ वर्षं हेच केलंय (ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि कायम जळका वास येणारं कॉफीचं मशीन), आणि हा डिफॉल्ट आमच्याकडेही होता, तो काढायलाच मला दोन वर्षं लागली.

आधी एक डोक्यात पक्कं कर, कोड कारचा नसतो, त्या हालचालीचा असतो. एकच कार आपल्या लाईनवर आठवडाभर राहिली तर तिला चार वेगवेगळे कोड लागू शकतात. वेबिलवर, म्हणजे कारसोबतच्या मालाच्या कागदावर, येणारे कोड म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा सात आकडी एसटीसीसी, स्टेशनचा नंबर, जंक्शनचं नाव, प्रीपेड की कलेक्ट (भाडं पाठवणारा देणार की घेणारा), हे सगळीकडे सारखे असतात, ते तसेच उचलायचे, त्यात डोकं चालवायचं नाही. स्विचिंग (कार एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर हलवणं), स्टोरेज, डेमरेज (गिऱ्हाईकाने कार जास्त वेळ अडवल्याचा आकार) वगैरेचे कोड मात्र प्रत्येक लाईनने आपापले केलेले असतात, म्हणून त्यांचं टॅरिफ, म्हणजे दर आणि नियमांचं पुस्तक, मागव आणि शब्द न शब्द वाच.

लाईन-हॉलच्या, म्हणजे गावाहून गावाला माल नेणाऱ्या, भरलेल्या कारचं आधी बघायचं ते हे की वेबिलवरच्या रूटमध्ये आपण आहोत का. रूटमध्ये असू आणि थ्रू रेट (पूर्ण प्रवासाचा एकच दर) असेल तर आपला वाटा इंटरलाईन सेटलमेंटमधून, म्हणजे रेल्वे कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबातून, येतो, गिऱ्हाईकाला आपण बिल पाठवत नाही. वेबिलवर रूल ११ असेल तर प्रत्येक रेल्वे आपापलं बिल लावते, मग आपलंही जातं. आणि आपण नुसते हँडलिंग कॅरियर असू तर रूटमध्ये आपलं नावच नसतं, मोठी रेल्वे आपल्याला कारमागे ठरलेली रक्कम देते. ह्या तिघांना एकच 'रेव्हेन्यू' कोड लावलास तर कुणाला तरी दोनदा बिल जाईल आणि कुणाला तरी एकदाही जाणार नाही.

आता रिकाम्या कार, तुझा डिफॉल्ट खरा इथेच मार खातो. खाली करून आली तशीच उलट वाटेने परत निघाली, ती बहुतेक वेळा नॉन-रेव्हेन्यू, बरोबर. पण खाजगी मालकाची रिकामी कार दुरुस्तीला शॉपमध्ये चाललीय किंवा आपल्याकडे स्टोरेजला येतेय, तर ती बऱ्याचदा रेव्हेन्यू एम्प्टी असते, तिचे पैसे लागतात. धोकादायक केमिकलची रिकामी टँक कार तर खरी रिकामी नसतेच, आत उरलेला माल असतो, तिच्या वेबिलवर ते यायलाच हवं आणि एसटीसीसी ४९ ने सुरू होणारा लागतो. तो पुसून साधा 'रिकामी' टाकलास तर प्रश्न बिलाचा राहत नाही, सुरक्षेचा होतो.

खाजगी कार कशी ओळखायची, तर मार्क, म्हणजे डब्यावरची मालकाची अक्षरं, बघायचा. शेवटचं अक्षर एक्स असेल तर मालक रेल्वे कंपनी नाही, जीएटीएक्स, यूटीएलएक्स वगैरे. म्हणूनच सीएसएक्स ह्या रेल्वे कंपनीला आपल्या डब्यांवर शेवटी टी जोडून सीएसएक्सटी लिहावं लागतं. हे एक अक्षर पैशाचं आहे, कारण दुसऱ्या रेल्वेच्या कारवर तासाप्रमाणे कार हायर, म्हणजे ती वापरण्याचं भाडं, चढत असतं, ती इंटरचेंजला (दोन रेल्वे कार देतात-घेतात तिथे) कधी घेतली आणि कधी दिली ह्या वेळा चुकल्या तर भुर्दंड आपल्याला. आणि गिऱ्हाईकाच्या स्वतःच्या ट्रॅकवर उभ्या खाजगी कारला साधारणपणे डेमरेज लागत नाही, तीच कार जागा नाही म्हणून आपल्या यार्डात थांबली तर स्टोरेज लागू शकतं. म्हणजे कार तीच, फक्त ट्रॅक बदलला की कोड बदलला.

बाय द वे, आपल्या भारतीय वॅगनच्या ११ आकडी नंबरात शेवटचा आकडा तपासणीचा असतो, इथल्या कारच्या नंबरात तसलं काही नाही. पेन्सिलने लिहिलेल्या, पावसात भिजलेल्या स्विच लिस्टवर (कुठली कार कुठून कुठे हलवली तो कंडक्टरचा कागद) ६ चा ० झाला तरी सिस्टीम निमूट गिळते. तेव्हा नंबर टाकला की तो अमलरमध्ये, म्हणजे सगळ्या कारच्या सामाईक नोंदणी यादीत, आहे का आणि कारचा प्रकार जुळतो का एवढं तरी तपासायला लाव. धान्याच्या साईडिंगवर अचानक टँक कार दिसली की नंबर चुकलाय असं समज.

आता माझी फजिती सांगते, तुझा मुद्दा तिथेच सुटेल. एका थंडीत स्विच लिस्टवर कंडक्टरने एका कारखान्याच्या चार हॉपर कारपुढे बाण काढले होते, ट्रॅक २ वरून ट्रॅक १ वर. मी सरळ इंट्रा-प्लांट स्विचचा, म्हणजे कारखान्याच्या आतल्या आत कार हलवण्याचा, कोड लावला, चार कार, चार चार्ज, बिल रवाना. आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन, आवाज एकदम थंड. झालं असं होतं की आदल्या दिवशी बर्फात आमच्याच लोकांनी कार उलट्या क्रमाने लावल्या होत्या, दुसऱ्या दिवशी जाऊन त्या सरळ केल्या, आणि त्याचे पैसे मी त्यांच्याकडेच मागितले! क्रेडिट मेमो काढला, माफी मागितली. गिऱ्हाईकाने सांगून हलवली असती तर तोच बाण पैसे घेण्याचा होता, आपली चूक निस्तरायला हलवली म्हणून तो शून्याचा. लिस्टवर दोन्ही बाण अगदी सारखे दिसतात.

तेव्हापासून मी लिस्टवर एक कॉलम वाढवला, 'कोणी सांगितलं'. कंडक्टर कुरकुरले, आमचा एक म्हातारा कंडक्टर तर महिनाभर तिथे फक्त 'देवाने' असं लिहायचा, पण मग लिहायला लागले. तुझ्या स्क्रीनवर ही फील्ड ठेव आणि ती रिकामी असेल तर स्विचिंगचा कोड सेव्हच होऊ देऊ नकोस.

डेमरेजला मात्र कोड हाताने लावूच देऊ नकोस, तो वेळांवरून निघाला पाहिजे. प्रत्यक्ष लावली कधी, कन्स्ट्रक्टिव्ह प्लेसमेंट म्हणजे आपण तयार होतो पण त्यांच्याकडे जागा नव्हती म्हणून नोटीस दिली ती कधी, आणि रिलीज, म्हणजे गिऱ्हाईकाने काम झालं, कार न्या असं कळवलं, ते कधी. भरायला २४ तास आणि खाली करायला ४८ तास हा जुना ठोकताळा आहे, तुझ्या लाईनचं टॅरिफ काय म्हणतं ते धर. आणि रिलीजची वेळ म्हणजे गिऱ्हाईकाने मेल पाठवला ती, आपण उघडला ती नव्हे. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला आलेला रिलीज आम्ही सोमवारी सकाळी उघडून सोमवारच टाकायचो, म्हणजे शनिवार-रविवार फुकट त्यांच्या माथी. हे कुणी मुद्दाम करत नव्हतं, पण ऐकणारा तसं कसं मानेल?

तू आता असं कर, त्यांच्याकडून मागच्या महिन्यातल्या कुठल्याही एका दिवसाची स्विच लिस्ट, त्या दिवसाची वेबिलं आणि रिलीजचे मेल मागव आणि सॉफ्टवेअर बाजूला ठेवून एकेका हालचालीला कागदावर कोड लाव. तीस-चाळीस कार असतील, एक दुपार जाईल. अडलेल्या चार-पाच लिहून पाठव, नंबर खोडून, बघू.