आधी नोंद, मग ब्रेक?

प्रश्न : वाहनांचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका कंपनीत मी सहा महिन्यांपूर्वी रुजू झालो. आमच्या संगणकावर आपत्कालीन ब्रेकचा निर्णय घेणारे काम (एसिल-डी, म्हणजे ए ते डी या सुरक्षा-दर्जांपैकी सर्वांत कडक) दर २० मिलिसेकंदांनी, तर मोजमापांची नोंद ठेवणारे साधे काम (क्यूएम, म्हणजे ज्याला असा सुरक्षा-दर्जा लागत नाही) दर ५ मिलिसेकंदांनी चालते. अग्रक्रम मात्र नोंदीला वरचा दिलेला आहे. ब्रेकपेक्षा नोंद महत्त्वाची कशी? ही चूक नव्हे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : केवळ अग्रक्रम पाहून याला चूक म्हणता येणार नाही. आपल्या प्रश्नात ‘महत्त्व’ आणि ‘तातडी’ या दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, आणि हा घोटाळा अनुभवी अभियंत्यांच्या बैठकांतही होतो. आयएसओ २६२६२ या वाहनसुरक्षेच्या मानकातील एसिलचा दर्जा तीन गोष्टींवरून ठरतो : बिघाड झाल्यास इजा किती गंभीर होईल, तशी परिस्थिती रस्त्यावर किती वेळा येते, आणि चालकाला ती कितपत सावरता येईल. ते काम किती काटेकोरपणे घडवावे आणि तपासावे, हे त्या दर्जावरून कळते. प्रोसेसरवर त्याची पाळी केव्हा यावी, हे कळत नाही. पुरणपोळीच्या दिवशी पुरण कितीही महत्त्वाचे असले, तरी दूध वर येऊ लागले की पुरणावरचा हात काढून आधी गॅस बारीक करावाच लागतो.

आता आकडे मांडून पाहू. प्रत्येक कामाची फेरी त्याची पुढची फेरी सुरू होण्याआधी संपायला हवी, ही त्याची मुदत. नोंदीला प्रत्येक फेरीत २ मिलिसेकंद लागतात आणि ब्रेकच्या कामाला चाचण्यांत जास्तीत जास्त ६ लागलेले दिसले, असे समजा. ब्रेकला वरचा अग्रक्रम दिला, तर ते सलग ६ मिलिसेकंद प्रोसेसर अडवून धरते आणि नोंदीची ५ मिलिसेकंदांची मुदत हुकते. उलट नोंदीला वर ठेवले, तर पहिल्या १० मिलिसेकंदांत नोंदीच्या दोन फेऱ्या आणि ब्रेकचे सगळे काम उरकते, आणि ब्रेकच्या २० मिलिसेकंदांच्या मुदतीपैकी निम्मा वेळ शिल्लक राहतो. ज्याचा आवर्तनकाळ (दोन फेऱ्यांमधला काळ) कमी त्याचा अग्रक्रम वर, हा नियम लिऊ आणि लेलँड या संशोधकांनी १९७३ मध्ये गणिताने मांडला. आपल्या प्रकल्पात बहुधा तोच पाळलेला आहे.

तरीही आपल्या मनातली धास्ती निराधार नाही. चाचणीत दिसलेले ६ मिलिसेकंद म्हणजे हमी नव्हे. सुरक्षेची तपासणी करणारा अभियंता सर्वांत वाईट परिस्थिती धरून १३ मिलिसेकंदांची मर्यादा सांगेल. मग २० मिलिसेकंदांत ब्रेकचे १३ आणि नोंदीच्या चार फेऱ्यांचे ८, म्हणजे एकूण २१ मिलिसेकंदांचे काम होते, आणि ते मावत नाही. एकाच कामाला खात्रीच्या पातळीनुसार वेगवेगळे कालावधी धरावेत, ही कल्पना संशोधक स्टीव्ह वेस्टल यांनी २००७ मध्ये मांडली आणि पुढे तिच्याभोवती संशोधनाची एक शाखाच उभी राहिली. त्यातली एक रीत अशी : ब्रेकचे काम ६ मिलिसेकंद चालूनही संपले नाही, की त्याच क्षणी नोंदीच्या पुढच्या फेऱ्या थांबवायच्या. आपल्या उदाहरणात हा क्षण दहाव्या मिलिसेकंदाला येतो. उरलेले ७ मिलिसेकंद ब्रेकला सलग मिळतात आणि काम सतराव्या मिलिसेकंदाला, म्हणजे मुदतीच्या आत, पूर्ण होते.

मात्र कागदावर देखणी दिसणारी ही रीत सरसकट लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदीच्या काही फेऱ्या बुडाल्या तर फारसे बिघडत नाही. पण एसिल-बी दर्जाचा इशारा दाखवणारे काम एसिल-डीच्या कामासाठी वाटेल तेव्हा बंद करता येत नाही, कारण तो इशारा न दिसणे हासुद्धा धोकाच असतो. कोणाचा बळी आधी द्यायचा, याची यादी म्हणून एसिलकडे पाहता येत नाही.

आपल्या प्रकल्पात खरे तपासायचे ते नोंदीभोवतीचे कुंपण. क्यूएम दर्जाचे काम एसिलच्या शिस्तीत घडवलेले नसते, त्यामुळे ते २ मिलिसेकंदांतच संपेल यावर विसंबता येत नाही. एकाच संगणकावर वेगवेगळ्या दर्जांची कामे ठेवायची, तर सगळीच सर्वोच्च दर्जाने घडवावी लागतात, नाही तर एकाचा उपद्रव दुसऱ्याला होत नाही हे सिद्ध करावे लागते. ऑटोसार या वाहन-सॉफ्टवेअरच्या मानकातील क्लासिक प्लॅटफॉर्मच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये त्यासाठी वेळेच्या संरक्षणाची सोय आहे : कामाला किती वेळ चालू द्यायचे, दोन फेऱ्यांत किमान अंतर किती असावे आणि सामायिक साधन (अनेक कामे आळीपाळीने वापरतात ते) किंवा इंटरप्ट (चालू काम थांबवून प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) किती काळ अडवून ठेवता येईल, या तिन्हींवर मर्यादा घालता येते. तिसरी मर्यादा अनेकदा विसरली जाते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानात खालच्या अग्रक्रमाच्या कामाने सामायिक साधन धरून ठेवले, मधल्या अग्रक्रमाच्या कामांनी त्याला पुढे सरकू दिले नाही, वरचे काम ताटकळले आणि संगणक पुन्हा पुन्हा रीसेट होत राहिला. आपल्या नोंदीच्या कामावर अशा मर्यादा घातलेल्या नसतील, तर ही शंका लेखी स्वरूपात वरिष्ठांपुढे जरूर मांडावी.

प्रश्न : मग ही दोन कामे दोन वेगळ्या कोअरवर (एकाच चिपमधल्या स्वतंत्र प्रोसेसरवर) ठेवली, तर वादच मिटणार नाही का?
— तेच वाचक

उत्तर : प्रोसेसरच्या वेळेपुरता मिटेल. परंतु बहुतेक चिपमध्ये कोअर वेगळे असले, तरी मेमरीकडे जाणारा मार्ग सामायिक असतो आणि काहींत कॅशचा (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचा) एक स्तरही. शेजारच्या कोअरवरच्या नोंदीने मेमरीवर माहितीचा मारा सुरू केला, की ब्रेकच्या कामाचा एकही आदेश न बदलता त्याचा कालावधी वाढतो. म्हणून ब्रेकच्या कामाचा वेळ मोजताना शेजारच्या कोअरवर मेमरीवर जास्तीत जास्त ताण देणारे काम मुद्दाम चालू ठेवावे; तो कोअर रिकामा ठेवून घेतलेला आकडा वेळापत्रकाच्या हिशेबात धरू नये.