यादीत नाव आधी, कार्ड नंतर

(मतदार नोंदणीविषयी आलेल्या पत्रांना या अंकात उत्तरे. उत्तरे देणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. परळ-शिवडी भागात त्यांनी अनेक वर्षे बीएलओचे, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर पडताळणी करणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे, काम केले.)

प्रश्न: आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी २०२४ च्या लोकसभेला कार्ड घेऊन भांडुपच्या केंद्रावर गेल्या, पण यादीत नाव नाही म्हणून त्यांना परत यावं लागलं. कार्ड लग्नाआधीचं, सांगोला तालुक्यातलं, माहेरच्या नावाचं. आधारवर सासरचं नाव आहे, पण पत्ता गावचाच. खोली भाड्याची, कराराचा कागद नाही. त्यांच्या यजमानांचं नाव मात्र इथल्या यादीत आहे. मावशींना नवं कार्ड काढून द्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, सुरुवात कार्डापासून नको, यादीपासून करा. मत देता येतं ते यादीतल्या नावावर. कार्ड फक्त ‘ती व्यक्ती मीच’ एवढं सांगतं. भांडुपच्या यादीत मावशींची नोंद नव्हती, म्हणून त्यांना परतावं लागलं. नोंद असती, तर दुसऱ्या मतदारसंघाचं कार्डसुद्धा ओळख पटवायला चाललं असतं.

तेव्हा सांगोल्यातलं त्यांचं नाव अजून आहे का, ते आधी बघा. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर कार्डाचा नंबर टाकून शोधता येतं. तीन अक्षरं आणि सात आकडे असा नंबर असेल तर काम सोपं. ‘एमटी’ने सुरू होणारा, मधे तिरक्या रेघा असलेला जुना नंबर असेल आणि तो सापडला नाही, तर नाव, वडिलांचं नाव, वय आणि मतदारसंघ घालून शोधा. शोध माहेरच्या नावानेच घ्या.

नाव सापडलं, तर फॉर्म ६ भरू नका. हे मी मुद्दाम ठासून सांगते, कारण मदत करणारे भले लोकच इथे घोटाळा करतात. फॉर्म ६ पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही, असं त्यात लिहून द्यावं लागतं. ते खोटं ठरलं तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि सही मावशींची असते, तुमची नव्हे. पत्ता बदलण्यासाठी फॉर्म ८ आहे. ऑगस्ट २०२२ पासून दुसऱ्या मतदारसंघात जायचं असलं तरी हाच फॉर्म चालतो. त्याआधी अशा वेळी फॉर्म ६ लागायचा, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात अजूनही तोच हातात ठेवतात. सांगोल्याच्या यादीतून नाव आधीच वगळलं गेलं असेल, तरच फॉर्म ६ भरा.

आता पत्त्याचा पुरावा. तो अर्जदाराच्याच नावाचा हवा असं नाही. त्याच पत्त्यावर यादीत असलेल्या नवऱ्याच्या, आईवडिलांच्या किंवा सज्ञान मुलाच्या नावाचा कागदही चालतो. यजमानांच्या पोस्टाच्या किंवा बँकेच्या पासबुकावर भांडुपचा पत्ता असेल, तर त्याची सही केलेली प्रत जोडा. घरमालकाच्या मागे लागायची गरज उरणार नाही.

नावाचा गुंता सावकाश सोडवा. आपल्याकडे बाईचं लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, कधी कधी पहिलंही बदलतं, आणि शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, बँकेत तिसरं अशी ती आयुष्यभर वागवत राहते. माझ्या भागात ज्यांची नावं यादीत अडकायची, त्यात अशा बायकाच जास्त असायच्या. कामाला त्या कमी नव्हत्या, पण कागद एकमेकांशी जुळत नव्हते. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर दोन्ही नावं जोडली जातात. तो नसेल तर थांबू नका. आधी माहेरच्याच नावाने पत्ता बदलून घ्या. त्या नावाचं, त्यांच्याच फोटोचं कार्ड येईल आणि मत देता येईल. नावाची दुरुस्ती पुढे याच फॉर्म ८ वर होते. कोणतं नाव ठेवायचं, ते मावशींना विचारा. माहेरचंच ठेवायचं म्हणाल्या तर तेच ठेवा. लग्नानंतर नाव बदलावंच असा कुठलाही कायदा नाही.

फॉर्म त्यांच्या शेजारी बसून भरा. मूळ कागद आपल्याकडे ठेवून घेऊ नका. मोबाईल नंबर त्यांचा टाका, तुमचा नको, कारण संदेश आणि बीएलओचा फोन त्या नंबरवर येतो आणि उद्या त्यांनी तुमचं काम सोडलं तरी नोंद त्यांचीच राहायला हवी. पोच किंवा ऑनलाइन संदर्भ क्रमांक त्यांच्या पिशवीत असू द्या. मग बीएलओ घरी येईल. आम्ही जायचो ते शाळा सुटल्यावर, आणि नेमक्या त्याच वेळी या बायका चार घरांत राबत असायच्या. दार बंद मिळालं की अर्ज लोंबकळला. म्हणून शेजारणीला सांगून ठेवायला सांगा, आणि बीएलओने वेळ कळवली तर त्या दिवशी मावशींना पगार न कापता सुट्टी द्या. तुमच्या सगळ्या मदतीत मला ही सर्वांत मोलाची वाटते.

अर्ज नामंजूर झालाच, तर कारण लेखी मागा. पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तिथेही पटलं नाही, तर पुढच्या तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

प्रश्न: आमच्या गणेशोत्सव मंडळाला वस्तीतल्या लोकांची मतदार कार्डं काढून द्यायची आहेत. घरोघरी फॉर्म भरून घेऊन कार्यालयात एकत्र जमा केले तर चालतील का? महापालिकेसाठी वेगळी नोंदणी लागते का?
— मंडळाचे कार्यकर्ते, काळाचौकी

उत्तर: गठ्ठा नेऊ नका. एका घरातल्या माणसांचे अर्ज एकाने दिले तर घेतात, पण संस्थेने किंवा एका माणसाने आणलेले ढीगभर अर्ज स्वीकारत नाहीत. नियम योग्यच आहे. गठ्ठ्यात कुणाचं नाव कुणी घातलं आणि कुणाचं काढायला लावलं, हे नंतर कळत नाही. त्यापेक्षा मांडवात एक टेबल, एक लॅपटॉप आणि धीराने बोलणारी दोन मुलं बसवा. ज्याने त्याने आपापल्या मोबाईलवरून अर्ज करावा, मुलांनी फक्त वाट दाखवावी. मांडवात कुठल्याही पक्षाचा झेंडा नको.

अठरा पूर्ण व्हायची वाट बघणाऱ्या पोरांना सांगा की आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा (ज्या दिवशी अठरा पूर्ण असायला हवीत त्या) आहेत आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो. महापालिकेला वेगळी नोंदणी नाही. विधानसभेचीच यादी २२७ प्रभागांत विभागतात.

एक विनंती आहे. पुलाखाली आणि फुटपाथवर राहणाऱ्यांना वगळू नका. त्यांना पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात लिहिलेल्या जागी ती व्यक्ती खरोखर झोपते का, हे बीएलओने एकाहून अधिक रात्री जाऊन पाहायचं असतं. शिवडीत मी अशी पडताळणी केली आहे. हातात टॉर्च आणि रजिस्टर दिसलं की बायका आधी भांडी गोळा करायच्या, त्यांना वाटायचं पालिकेची गाडी आली. ओळखीचं कुणी सोबत असलं की त्या निवांत बसून नाव-वय सांगायच्या. मंडळाची पोरं रोज त्याच रस्त्याने जातात, त्यांनी बीएलओसोबत उभं राहावं. हे काम कार्यालयातला कुणी करू शकणार नाही.

प्रश्न: लालबागची आमची इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात आहोत. कार्डावर जुना पत्ता आहे. बदलावा का? बदलला तर नव्या घरावरचा हक्क जाईल अशी भीती वाटते.
— एक ज्येष्ठ वाचक, शीव

उत्तर: आजोबा, खोलीवरचा हक्क तुमच्या भाडेपावत्या, करारनामा आणि पात्रता यादी यांवर ठरतो. मतदार यादी हा मालकीचा कागद नाही.

कायद्यात तात्पुरतं बाहेर राहिल्याने नेहमीचं राहण्याचं ठिकाण सुटत नाही. त्यामुळे वर्षभरात परतणार असाल तर जुनं नाव राहू द्या. पण शिबिरातली वर्षं कशी लांबतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. लांबणार असेल तर फॉर्म ८ भरून नाव शिबिराच्या पत्त्यावर घ्या. कारण असं: घरोघर पडताळणीत बीएलओला जुन्या जागी पत्र्याचं कुंपण दिसतं आणि तुम्ही ‘स्थलांतरित’ ठरता. नाव काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कायदाच तसा आहे. पण त्याची नोटीस पाडलेल्या इमारतीच्या पत्त्यावर निघते. प्रारूप (कच्ची) मतदार यादी लागेल तेव्हा तुमचं आणि आजींचं, दोघांचं नाव स्वतः बघा. एकाचं राहून दुसऱ्याचं गेल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

प्रश्न: कार्ड हरवलं आहे. यादीत नाव आहे. मोबाईलमधलं डिजिलॉकरचं आधार दाखवून मत देता येईल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर: त्यावर अवलंबून राहू नका. मतदान कक्षात मोबाईल नेऊ देत नाहीत. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी हा प्रश्न उच्च न्यायालयातही गेला होता आणि बंदी कायम राहिली. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं वा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेला पेन्शनचा कागद किंवा दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, यांपैकी एक मूळ स्वरूपात खिशात घेऊन जा. घरी येणारी मतदार चिठ्ठी केंद्र आणि अनुक्रमांक शोधायला उपयोगी, पण २०१९ पासून ती एकटी ओळखपत्र म्हणून चालत नाही. हरवलेल्या कार्डाच्या जागी नवं हवं असेल तर तेही फॉर्म ८ वरच मिळतं. निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता या आठवड्यातच भरा.