एकच कादंबरी तीन याद्यांमध्ये कशी?

तुम्ही विचारलंय की फँटसी नुकतीच वाचायला घेतली, पण एकाच कादंबरीला कुणी 'एपिक' म्हणतं, कुणी 'हाय फँटसी', तर कुणी 'ग्रिमडार्क'. मग हे उपप्रकार ओळखायचे कसे, आणि ते पाठच करावे लागतात का?

पाठ अजिबात करू नका. मी केले होते. वहीत तक्ता आखून वाचलेलं प्रत्येक पुस्तक एकेका रकान्यात कोंबायचा उद्योग बरेच दिवस चालला होता. निम्मी पुस्तकं रकान्याबाहेर लोंबकळत राहिली, तेव्हा कुठे लक्षात आलं की ही नावं एकाच मापाने पाडलेली नाहीत. 'हाय फँटसी' म्हटलं की कळतं, कथा आपल्या जगात नाही, दुसऱ्याच जगात घडते. 'एपिक' हा आवाका झाला: राज्यं, युद्धं, सगळ्या जगाचं भवितव्य पणाला. 'ग्रिमडार्क' हा सूर आहे, काळाकुट्ट आणि निर्दय; 'अर्बन' हे ठिकाण, म्हणजे शहर; 'रोमँटसी'त कथेचा कणा प्रेम, आणि 'यंग अ‍ॅडल्ट' तर चक्क वाचकाचं वय! एखाद्याला उंच, डावखुरा आणि तिरसट म्हणावं, तसंच हे. तिन्ही एका वेळी खरं असू शकतं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची १९९६ साली 'अ गेम ऑफ थ्रोन्स'ने सुरू झालेली मालिका घ्या, ती तुमच्या तिन्ही याद्यांत बिनदिक्कत बसते.

शिवाय नावं सरकतातही. १९६१ साली फँटसी लेखक मायकेल मूरकॉक यांनी विचारलं होतं की रॉबर्ट हॉवर्डसारख्या लेखकांच्या तलवारबाज नायकांच्या साहसकथांना म्हणायचं काय? त्यांची स्वतःची सूचना होती 'एपिक फँटसी'. दुसरे लेखक फ्रिट्झ लायबर यांनी 'स्वोर्ड अँड सॉर्सरी' (तलवार आणि जादूटोणा) सुचवलं आणि तेच रुळलं. आज ही दोन नावं जवळजवळ विरुद्ध अर्थाने वापरतात. एकात जग वाचवायचं असतं, दुसऱ्यात नायकाला स्वतःचा जीव वाचवून जमलंच तर थोडं सोनं पळवायचं असतं. (मला दुसरा प्रकार जास्त प्रामाणिक वाटतो, पण ते असो.)

माझा गुंता खरा सोडवला तो फँटसीच्या अभ्यासक फॅरा मेंडलसन यांच्या २००८ सालच्या मांडणीने. त्या एकच गोष्ट पाहतात: अद्भुत गोष्ट कथेत येते कोणत्या वाटेने? पहिल्या प्रकारात आपण ओळखीच्या जगातून दार ओलांडून अनोळखी जगात जातो. दार खरंखुरंच हवं असं नाही. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ला त्या याच गटात घालतात, कारण हॉबिट, म्हणजे त्यातले बुटके, घरकोंबडे लोक, आपलं सुखाचं गाव सोडून अज्ञातात निघतात आणि वाटेत कुणी ना कुणी त्यांना सगळं समजावून सांगत असतं. त्यांच्याबरोबर आपणही शिकतो. दुसऱ्या प्रकारात कथा पहिल्या ओळीपासून त्या जगातच असते, आणि तिथल्या माणसांना त्याचं काहीच नवल नसतं. आपण घरात एकमेकांना वीज म्हणजे काय ते समजावत बसतो का? तसंच तेही जादू समजावत नाहीत. मी अशी कितीतरी चांगली पुस्तकं 'काही कळत नाही' म्हणून पन्नासाव्या पानावर मिटली आहेत. खरं तर ते न कळणं मुद्दाम ठेवलेलं होतं, आणखी पन्नास पानं धीर धरायला हवा होता.

तिसऱ्यात आपल्या नेहमीच्या जगात काहीतरी विपरीत घुसतं. भयकथा इथून हाकेच्या अंतरावर. 'ड्रॅक्युला' याच वाटेची. चौथा प्रकार निसटता आहे. जादू आहे की नाही याचीच खात्री पटत नाही, किंवा आपण चक्रावतो आणि पात्रं मात्र ढिम्म असतात.

जादूचे नियम किती स्पष्ट, यावरूनही विभागणी करतात: नियम स्पष्ट असतील तर 'हार्ड', धूसर असतील तर 'सॉफ्ट'. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांचं म्हणणं साधारण असं: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल, तितकीच तिच्या जोरावर लेखकाने संकटं सोडवावीत. नाहीतर ऐन वेळी मंत्र म्हणून सुटका झाली की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. पण जादू फक्त भारून टाकायला असेल, तर नियम सांगायची गरजही नाही.

विज्ञानकथेशी सीमा कुठे, हा वाद न संपणारा आहे. माझ्यापुरता हिशोब सोपा: 'हे कधीतरी शक्य होईल' असा आव आणला तर विज्ञानकथा, तो आव आणायची गरजच वाटली नाही तर फँटसी.

आता एक करा. आवडलेली दोन आणि अर्धवट सोडलेली दोन पुस्तकं आठवा, आणि प्रत्येकात अद्भुत कोणत्या वाटेने आलं ते पाहा. ती चार नावं खाली टिप्पणीत लिहिलीत, तर पुढचं काय वाचायचं ते सुचवेन.