आखाजीची घागर भरण्याआधी

अनेक आशीर्वाद.

आजोबांवर लिहायला बसलं की ‘प्रेमळ होते, कुटुंबवत्सल होते’ याच्या पुढे पेन सरकत नाही, असं तू कळवलंस. सरकणार नाहीच. ही दोन विशेषणं गंधमुक्तीच्या (उत्तरकार्याच्या) पत्रिकेत कुणाच्याही फोटोखाली छापलेली असतात. घर धरून राहिलेल्या माणसाचं काम कागदावर फारसं येत नाही, ते घरातल्या दहा जणांच्या डोक्यात तुकड्यातुकड्यानं पडून असतं. ते गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात हे तुकडे गोळा कर, लिहिण्याचं मागाहून बघू.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी येतील, पितरांची घागर भरली जाईल, विस्तवावर नैवेद्याची आगारी पडेल. सगळे एकत्र सापडतात ते तेव्हाच. पण त्या दिवशी रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडू नकोस, घरात पुरणाची धांदल असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रेकॉर्डिंगला बस. सकाळ सरली की वैशाखात कूलर लागतो, आणि कूलरच्या घरघरीत म्हाताऱ्या माणसाचा आवाज बुडतो. एका वेळी एकच माणूस, अर्धा-पाऊण तास. फोन एरोप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. हातात धरलास तर बोटांची खरखर येते. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तूच बोल.

‘आजोबा कसे होते?’ असं विचारलंस की ‘फार चांगले’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. वेळ आणि वस्तू विचार. पहाटे उठून पहिलं काय करायचे, बाजारातून आल्यावर पिशवी कुणाच्या हातात द्यायचे, पैसे कुठे ठेवायचे, चिडले की किती दिवस बोलायचे नाहीत. मुलांआधी सुनांना विचार. मुलांना बापाची शेती आणि व्यवहार आठवतो, ताटावर बसलेला माणूस सुनांनी पाहिलेला असतो. साल आठवत नसेल तर ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असं विचार, लगेच जागेवर येतं.

बोलणं अहिराणीत असेल तर अहिराणीतच उतरव. ‘बठ्ठा जेवनात का?’ याचं ‘सगळ्यांचं जेवण झालं का?’ केलंस तर अर्थ तेवढा उरेल. हवा तर समासात अर्थ दे.

मळ्यातल्या भरीत पार्टीत बडगी (ठेचायचं लाकडी भांडं) आजोबांच्याच ताब्यात असायची, असं तू लिहिलंस. हे काम आखाजीपर्यंत लांबवू नकोस, भरिताची वांगी थंडीतली. त्यांच्याबरोबर भाजायला बसणाऱ्या काकांना एकदा करायला लाव आणि मध्ये वजनकाटा ठेव. ‘अंदाजानं’ हे माप नाही. वांगी आधी मोज, भाजून सोलल्यावर पुन्हा मोज. मिरची, लसूण, तेल पडायच्या आधी मोज, पडल्यावर विचारून उपयोग नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायचे की गॅसवर, आधी तेलाचा हात लावून टोचायचे का (न टोचलेलं वांगं विस्तवात फुटतं), मिरची-लसूण बडगीत किती बारीक ठेचायचे, पातीचा कांदा आणि शेंगदाणे कधी घालायचे, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) पुरी की भाकरी, हे सगळं टिपून ठेव. तुझ्या भरिताला त्यांची चव आली नाही तर आधी काड्यांच्या धुरावर संशय घे, मसाल्यावर नंतर.

आता भिंतीवरचा फोटो. हार घालायला नेहमी मूळ फोटोच वापरतात, आणि ओल्या फुलांचं पाणी काचेच्या फटीतून आत उतरतं. प्रत काढून ती टांग, मूळ कागदी पाकिटात ठेव. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच सावलीत, फ्लॅश न टाकता टिपून घे. ओल्या फडक्यानं तर पुसूच नकोस. स्टुडिओवाले मागचं सगळं उडवून निळा पडदा आणि कोट चढवून देतात. तसा घ्या हवा तर, पण मागची खाट, गोठा, कडेवरचं नातवंड दिसतं ती न कापलेली प्रत वेगळी मागून घे. स्कॅन लहान फोटोचा 600 डीपीआयवर. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, न दाबता. बॉलपेन पुढे उमटतो.

जन्मतारखेवर भांडू नका. दाखल्यावर 1 जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी टाकलेली असते. पणजोबा गेले ते साल हवं असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून वारसाचा जुना फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची नोंद) काढ, त्यात मयताचं नाव आणि वारस ओळीनं असतात. 1960 पूर्वीच्या कागदावर जळगाव जिल्हा ‘पूर्व खानदेश’ आणि धुळे ‘पश्चिम खानदेश’ म्हणून आहे. नंदुरबार 1998 पर्यंत धुळ्यातच होता, म्हणून तिकडचे जुने कागद धुळ्याच्या नावानं शोध.

भरितासारखीच आणखी एक गोष्ट आखाजीपर्यंत थांबणारी नाही. आजोबांचा फोन लहान भावाला द्यायचा ठरलाय म्हणतोस, तर तो रिसेट होण्याआधी त्यांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप बाहेर काढ. खातं 120 दिवस वापरात नसलं तर सहसा बंद होतं, आणि रिचार्ज संपून बरेच दिवस गेले की नंबरही जातो. चॅट ‘मीडियासह’ एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेव, आणि फोटो इकडून तिकडे पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते बारीक होऊन जातात. फोन आज रात्रीच चार्जिंगला लाव.