जप्त झालेला प्रिंटर परत कसा मिळवायचा?

प्रश्न : डिचोलीत माझे झेरॉक्स आणि डीटीपीचे छोटे दुकान आहे. विधानसभा निवडणुकीत एक मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. एका उमेदवाराविरुद्धच्या पत्रकाच्या ५०० प्रती मी काढून दिल्या. पोलिसांनी संगणक आणि कलर प्रिंटर उचलून नेला. प्रिंटर ठेवायचा परवाना दाखव म्हणतात. काय करू?

उत्तर : असा परवानाच नाही, तर दाखवणार कुठून? १८६७च्या कायद्याखाली छापखाना ठेवणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे घोषणापत्र करावे लागे. तो कायदा १ मार्च २०२४पासून गेला. नवा आला तो नियतकालिकांपुरता. (पोर्तुगीज अमदानीत आपल्याकडे गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवावी लागे, ती सवय कुणाची राहिली असेल तर गोष्ट निराळी.) पालिकेचा व्यवसाय परवाना वेगळा.

पत्रकाबाबत मात्र तुम्ही चुकलात. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे प्रचारपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक दोघांची नावे-पत्ते हवेत. शिवाय छापण्याआधी प्रकाशकाचे, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत घ्यायचे असते. ‘मी फक्त झेरॉक्स काढली’ हे चालणार नाही. हाताने नक्कल करणे सोडून प्रती काढायची कोणतीही रीत इथे छपाईच धरतात. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण एवढ्या शिक्षेचा गुन्हा अदखलपात्र असतो. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७४). तसा आदेश होता का, ते आधी बघा. जोडीला एखादे दखलपात्र कलम लावले असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो, म्हणून कागद हातात येईपर्यंत ठाण्यात हुज्जत नको.

पंचनाम्याची प्रत घ्या आणि प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याकडे त्याच संहितेच्या कलम ५०३खाली मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. यंत्रांचे सिरियल नंबर आणि खरेदीची बिले जोडा. गिऱ्हाइकांची कागदपत्रे संगणकात अडकली असतील तर तेही लिहा. पोलिसांना डेटाची प्रत ठेवून यंत्र सोडता येते. मुद्देमाल ठाण्यात पंधरा दिवस ते महिन्यापेक्षा जास्त ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये सुंदरभाई देसाई खटल्यात सांगितले आहे. बंधपत्र मात्र द्यावे लागेल, आणि बोलावतील तेव्हा यंत्र हजर करावे लागेल. तोवर ते विकू नका.

त्या मुलाला बिल दिले असेल तर त्याची प्रत जपा. दिले नसेल तर आता मागची तारीख घालून करू नका.