मावशीचं माहेर

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आनंदीबाई जोशी जिला ‘मावशी’ म्हणत, त्या अमेरिकेतल्या थिओडोशिया कार्पेंटरची वंशावळ लावायचं मनात घेतलंस, छान केलंस. फक्त आधी ‘कार्पेंटर’ बाजूला ठेव. ते सासरचं आडनाव, आणि अमेरिकेत ते आपल्याकडच्या कुलकर्ण्यांइतकं सापडतं. तुला हवंय तिचं माहेर.

सुरुवात शेवटापासून कर. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या आणि त्यांची रक्षा मावशीकडे पाठवली गेली. मावशीचं बिऱ्हाड न्यू जर्सीतल्या रोझेलला. रक्षा मात्र पुरली न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत. एवढ्या लांब का नेली असेल? कारण तिच्या माहेरच्यांची जागा तिथं होती. शेजारच्या दगडांवरची सगळी नावं उतरवून घे. दफनभूमीच्या कचेरीकडे जागा कुणी, कधी घेतली याची नोंद असते, तीही माग.

मग जनगणना. १८४० पर्यंत अमेरिकेच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव यायचं. बायका-मुलं म्हणजे वयोगटाच्या रकान्यातले नुसते आकडे. १८५० ला घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं (गुलामांचं तेव्हाही नाही), पण कोण कुणाचं हे लिहिलं नाही. एकाच घरातल्या समवयस्क बाईला बायको धरू नकोस, बहीणही असू शकते. नातं १८८० पासून लिहू लागले, त्याच वर्षी आईवडिलांचं जन्मस्थानही. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर गेलेच. १९०० मध्ये जन्माचा महिना, मुलं किती झाली आणि किती जिवंत, हे सापडतं. न्यूयॉर्क राज्याची स्वतःची १८५५ ची गणना मात्र विसरू नकोस. तिच्यात नातंही आहे आणि राज्यात जन्मलेल्याचा जन्माचा जिल्हाही. राज्यभर जन्ममृत्यूची नीट नोंद १८८० च्या आसपास सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या जन्मदाखल्यावर आशा ठेवू नकोस.

मला सगळ्यात जास्त भरवसा मृत्युपत्रांचा. त्या काळातल्या बाईचं नाव कागदावर येतं ते बहुधा जमीन किंवा पैसा हलतो तेव्हा. बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी, अमक्याची बायको’ एवढी एक ओळ मिळाली की माहेर आणि सासर एकदम हाती लागतं. पोकिप्सी हे डचेस काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण; मृत्युपत्रं तिथल्या सरोगेट कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा बघणाऱ्या कोर्टात, शोधायची. जमिनीची खरेदीखतंही बघ. नवऱ्यानं जमीन विकली तरी तिच्यावर बायकोचा हक्क राहायचा, म्हणून तिची सही लागायची.

मुलांची मधली नावंसुद्धा वाच. आपल्याकडे तिथं बाप बसतो. त्यांच्याकडे कितीदा आईचं माहेरचं आडनाव बसलेलं असतं. ही खूण मराठी माणसाच्या नजरेतून हमखास सुटते. माझ्याही सुटली होती.

नावाच्या स्पेलिंगवर अडून बसू नकोस. या एकाच बाईचं नाव छापील मजकुरात दोन-तीन तऱ्हांनी येतं, मग गणनेचा कारकून तर कानाला ऐकू आलं तसं लिहिणारा. उलट नाव आणि वय तंतोतंत जुळलं म्हणून हुरळूनही जाऊ नकोस. मी एकदा अशाच जुळणीवरून भलत्याच बाईच्या तीन पिढ्या लावल्या होत्या. शेजाऱ्यांची नावं ताडून पाहिली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ते कागद अजून माझ्या कपाटात आहेत, लाज म्हणून ठेवलेत.

कॅरोलिन डॉलनं १८८८ ला लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र वाच, पण मावशीच्या घरातली माणसं कोण कोण दिसतात एवढ्यासाठी. मावशीनं दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या मासिकात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं पत्र वाचल्याची गोष्ट गोड आहे. तिनं वंशावळ पुढे सरकत नाही.

आज दफनभूमीला पत्र टाक. उत्तर आलं की नावांची यादी मला पाठव, आपण बसून लावू.

तुझी,
काकू