कॉस्प्लेला, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून मिरवायला, पहिल्यांदाच निघालायस ना, मग एवढं कर

मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी, म्हणजे कॉमिक्सप्रेमींच्या मेळाव्यासाठी, पहिला पोशाख साधाच निवड. पंख, मोठं चिलखत पुढच्या वर्षी.

नवखे बहुतेक एकाच ठिकाणी फसतात: आरशासमोर उभं राहून बघतात आणि निघतात. तू पूर्ण पोशाख चढवून घरात दोन तास वावर. जिना चढ, मांडी घालून बस, पाणी पी, बाथरूमला जाऊन ये. काखेत उसवतंय का, हेल्मेटमध्ये जीव गुदमरतोय का, सगळं इथंच कळेल.

कापडासाठी उगाच खर्च करू नकोस. आपल्या सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे कारखाने आहेत, ओळख काढून कटपीस माग. फोमच्या खांद्याला आतून टॉवेलचा तुकडा लाव. घाम टिपतो, खांदाही सोलत नाही. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

बाकी थोडक्यात:
- तलवार फोमचीच. धातूची दारातच अडवतात.
- मुंबईला जाताना सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये पोशाखाचे सुटे भाग चादरीत गुंडाळून ने.
- सेफ्टी पिना, सुई-दोरा, फेविक्विक जवळ ठेव. बूट रोजचेच घाल.

पोशाखात एलईडी दिवे, एअरब्रशनं (हवेच्या दाबानं रंग फवारून) रंगवणं आत्ता डोक्यातही आणू नकोस. तिथं कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचार, पोशाखाला हात लावू नकोस. "हे कसं बनवलं?" असं मात्र बिनधास्त विचार, लोक भरभरून सांगतात.